यादी जतन झाली

सुरवळ गावात वासिफ धनसेला वासिफ म्हणणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. बाकी सगळे त्याला ‘वेबसाइट’ म्हणतात. “जा, वेबसाइटकडनं फॉर्म भरून आण.” “वेबसाइटला विचार, निकाल लागला का.” त्याची बायको तस्नीम बाजारात गेली की कोळीणसुद्धा हाक मारते, “ओ वेबसाइटीनबाई, बांगडा ताजा हाय!” अब्बांना अर्धांगाचा झटका आला म्हणून हा दम्मामची नोकरी सोडून परतला आणि एसटीच्या थांब्याशेजारच्या गाळ्यात दोन कॉम्प्युटर मांडून बसला. त्याला आता तेरा वर्षं झाली. अब्बा गेले, गाळा राहिला. खाऱ्या हवेत कॉम्प्युटर माणसांपेक्षा लवकर मरतात. वासिफने आतापर्यंत पाच पोचवले.

दिवेआगरच्या समुद्राकडे धावणाऱ्या गाड्या सुरवळला थांबत नाहीत. थांबावं असं इथे काही नाहीच. खाडी आहे, पण पोहण्याजोगी नाही. घरं आहेत, पण निम्म्यांना कुलूप, आणि चाव्या शेजाऱ्यांकडे. माणसं कुवेतला, कतारला, शारजाला. अशा गावाला वेबसाइट हवी हे वासिफला २०१४ साली सुचलं, आणि ते काही चुकीचं नव्हतं. निकाहाचे फोटो, क्रिकेटच्या मॅचेस, कुणाला मुलगी झाली, कोण अल्लाला प्यारं झालं, सगळं त्याने तिच्यावर टाकलं. पण ती टिकली ती एकाच गोष्टीमुळे. कब्रस्तानाची यादी.

आता इथे गावच्या दोन रीती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सुरवळच्या कब्रस्तानात कबरीवर नाव लिहीत नाहीत. डोक्याशी जांभ्याचा एक चिरा, बस्स. चार गलबतं बाळगणाऱ्याला तोच आणि त्या गलबतावरच्या खलाशालाही तोच. ‘मातीत गेलेल्यानं पाटी कशाला लावायची,’ असं जुनी माणसं म्हणत. ही पहिली रीत. दुसरी अशी, की आखातातून आलेला माणूस घरात बॅग टाकतो, वुजू करून हातपाय-तोंड धुतो आणि तोंडात घास घालायच्या आधी कब्रस्तानात जातो. आईबापाला सलाम केल्याखेरीज त्याच्या घशाखाली पाणी उतरत नाही. या दोन्ही रीती एकमेकींच्या वैरिणी. नाव लिहायचं नाही, आणि पाच वर्षांनी आलेल्याला कबर तर सापडली पाहिजे. हे भांडण चाळीस वर्षं एकच माणूस मिटवत आला होता. त्यांचं नाव मोहम्मदचाचा.

मोहम्मदचाचा कबरी खोदत, आणि खोदलेली एकही विसरत नसत. दाखवायची त्यांची तऱ्हा न्यारी होती. कबरीकडे बोट करणं म्हणजे बेअदबी, म्हणून त्यांनी जन्मात कधी बोट दाखवलं नाही. ते पुढे चालत, तोंडातून अवाक्षर नाही, आणि जिथे थांबून पायातली चप्पल काढत, ती कबर. मागून येणाऱ्याने ओळखायचं. चाचांनी चप्पल काढली की दुबईत चार दुकानं असलेला शेठसुद्धा तिथे मटकन खाली बसे. सुरवळच्या पोरासोरांनाही ही खूण ठाऊक होती.

चाचांचे गुडघे बोलायला लागले तेव्हा वासिफच्या मनात आलं, हे सगळं लिहून घ्यावं. जमातीच्या म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, पण चिऱ्यावर काही लिहायचं नव्हतं, म्हणून शेवटी हो म्हणाले. एक अख्खा हिवाळा दोघे रोज फिरले. चाचा पुढे चप्पल काढत, घालत, काढत, आणि मागून वासिफ वही घेऊन. साडेपाचशे कबरी निघाल्या. प्रत्येकीला चार रकाने: ओळ, नंबर, नाव, खूण. खुणा चाचांच्या शब्दांत. “काजूच्या उगवतीला तिसरी.” “उंडणीच्या मुळीला लागून.”

वासिफ काही मोठा प्रोग्रामर नव्हे. माणगावच्या क्लासात सहा महिने पीएचपी शिकला, तेवढ्याच भांडवलावर ही वेबसाइट उभी. त्याने साऱ्या कबरी एकाच लांबलचक पानावर मांडल्या आणि ‘जतन करा’चं बटण वर एक, खाली एक असं ठेवलं. शहाणा माणूस प्रत्येक नोंद वेगळी ठेवील. पण सुरवळला दोन जुन्या कबरींच्या मधे नवी कबर येते, आणि मग त्या ओळीतल्या पुढच्या साऱ्यांचे नंबर एकेकाने सरकतात. चाचा स्टुलावर बसून सांगत, “हिला खाली सरकव, त्याला वर घे,” तेव्हा सगळ्या ओळी डोळ्यांपुढे हव्यात. म्हणून बटण दाबलं की जुनी यादी पुसायची आणि पानावर असेल ती नव्याने लिहायची, असा त्याने साधा हिशेब केला. पाटी पुसून पुन्हा लिहावी तसा.

अडीचशे कबरींपर्यंत सारं सुरळीत झालं. पुढची एक टिकेल तर शपथ. बटण दाबलं की हिरव्या अक्षरांत ‘यादी जतन झाली’ असं यायचं, आणि पाहावं तर यादी अडीचशेवर तुटलेली. तीन वेळा चाचांनी पुढचं सगळं पुन्हा सांगितलं, तीन वेळा ते वाहून गेलं. चौथ्या दिवशी वासिफला दुखणं सापडलं. ज्या कंपनीच्या सर्व्हरवर वेबसाइट ठेवली होती, तिथे पीएचपीच्या सेटिंगचं एक पान असतं. त्यात ‘मॅक्स इनपुट व्हार्स’ नावाची एक ओळ. एका फटक्यात किती रकाने आत घ्यायचे, याची ती मर्यादा. मुळात एक हजार. त्याच्या पुढचे रकाने सर्व्हर घेत नाही, आणि घेतले नाहीत हे सांगतही नाही. एका कबरीचे चार, म्हणजे अडीचशे कबरींवर दार बंद. वासिफने हजाराचे पाच हजार केले आणि कानाला खडा लावला.

चाचांना त्याने हे समजावून सांगितलं, तेव्हा ते पडद्याजवळ वाकले.

“मंजे त्या मशीनमंदी किती मय्यती मावतात, ते आपणच सांगायचं?”

“व्हय चाचा. न्हाय सांगितलं तर हजारावर दार बंद.”

“आन बाहेर राहिले ते?”

“ते गेले.”

“जातील कुठं?” चाचा म्हणाले. “परत सांगतो. मी हाय ना अजून.”

दोघेही हसले. चाचा होते, म्हणून हसता आलं.

मग २०२० सालचं वादळ आलं. त्याने बागा झोपवल्या, पत्रे उडवले, तसंच कब्रस्तानही सोडलं नाही. काजू गेली, उंडण गेली, जुना आंबा मुळासकट उपटून पडला. खोडं उचलायला वरच्या वाडीतला रावजी आपला जेसीबी घेऊन आला. दोन दिवस बिचारा उपाशीतापाशी राबला, पण जेसीबीच्या चाकाला खालची कबर काय कळणार? चिरे हलले, उंचवटे सपाट झाले, आणि कब्रस्तान शेत नांगरून ठेवल्यासारखं दिसू लागलं. चाचा काठी टेकत पुन्हा सगळं फिरले. डोळे मिटून उभे राहत, काहीतरी पुटपुटत आणि मग चप्पल काढत. विहीर, फाटक आणि पाण्याची टाकी, एवढ्याच तीन गोष्टी जागेवर उरल्या होत्या. त्यांच्यापासून पावलं मोजून त्यांनी साऱ्या खुणा नव्याने सांगितल्या. वासिफने या वेळी वही घेतली नाही, तिथेच फोनवर जुन्या पुसून नव्या भरल्या.

पुढच्या वर्षी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, नसीबाचाची गेली. ही कैसची आई. कैस आणि वासिफ पहिलीपासून एका बाकावरचे. वासिफचं नाक कुणी फोडलं तर घरी मार कैसला बसायचा, इतकी दोस्ती. कैस कुवेतला होता आणि विमानं बंद होती. तालुक्याहून पांढऱ्या प्लास्टिकातली तीन माणसं मय्यत घेऊन आली. ती आणि चाचा, एवढ्या चौघांनी दफन केलं. गाव फाटकाबाहेर उभं. संध्याकाळी चाचांनी फोनवर ओळ, नंबर आणि खूण सांगितली, वासिफने भरली. रात्री कैस फोनवर गुरासारखा रडत होता. “अम्मीला माती पण देता आली न्हाय रं मला,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. वासिफने त्याला शब्द दिला. “अम्मी यादीत हाय. तू जवा येशील तवा ये, मी तुला चालवत घेऊन जातो.”

त्याच पावसाळ्यात मोहम्मदचाचाही गेले. फाटकातून आत शिरलं की पहिल्या ओळीत त्यांची कबर. ती मात्र वासिफने कुणाला न विचारता भरली.

पुढचं सगळं गेल्या जूनपासूनचं. कंपनीचा ईमेल आला की पीएचपीची जुनी आवृत्ती आता बंद होणार, नवी घ्या. कंपनीने सांगितलं तिथे वासिफने टिचकी मारली, वेबसाइट पहिल्यासारखी उघडली, आणि त्याला वाटलं सुटलो. दोन दिवसांत आखातातून ओरड सुरू झाली. फोटो चढत नाहीत! क्रिकेटचा कप जिंकल्याचे फोटो होते ते, म्हणजे गावाच्या दृष्टीने जिवाशी गाठ. नव्या आवृत्तीबरोबर सेटिंगचं पानही नवंकोरं आलं होतं, म्हणून फोटोची मर्यादा पुन्हा दोन एमबीवर गेली होती. वासिफ ते पान उघडून बसला. फोटोची मर्यादा वाढवली, त्याच्या खालची वाढवली, वेळ वाढवला. पान लांब होतं. ‘मॅक्स इनपुट व्हार्स’ची ओळ आणखी खाली होती आणि तिच्यापुढे एक हजार हा आकडा निमूट बसला होता. तिथवर तो पोचला नाही. शुक्रवार होता, जुम्याची अजान झाली, त्याने जतन केलं आणि टोपी घेऊन निघाला.

नमाजनंतर एका म्हातारीचं दफन होतं. वादळात फाटकाजवळची झाडं गेल्यापासून तिथे जागा मोकळी होती, म्हणून कबर दुसऱ्या ओळीत. वासिफ भिजून दुकानात आला, यादीचं पान उघडलं, दुसऱ्या ओळीत मधे नाव घातलं आणि वरचंच बटण दाबलं. सर्व्हरने जुनी पाटी पुसली. पहिले हजार रकाने लिहिले. बाकीच्या चारशे कबरी दारातून परतल्या. ‘यादी जतन झाली,’ असं हिरव्या अक्षरांत आलं. ती अक्षरं वासिफनेच लिहिलेली होती.

त्यानंतरच्या सहा महिन्यांत आणखी दोन दफनं झाली. दोन्ही फाटकाजवळच. दोन्ही वेळा त्याने वरच्या वर नाव घालून वरचं बटण दाबलं, खाली जायची गरजच पडली नाही. प्रत्येक नव्या कबरीने तळातली आणखी एक बाहेर ढकलली. पावसाळ्यात आखातातून कुणी येत नाही, म्हणून कुणी विचारलंही नाही.

डिसेंबरात कैस आला.

सकाळी अकराच्या सुमाराला तो दुकानाच्या पायरीवर उभा होता. दाढीत पांढरं आलेलं, तोंड वुजूच्या पाण्याने ओलं, हातात मक्केच्या जमजमच्या पाण्याची बाटली. दोघे गळ्यात पडले. मग कैस म्हणाला, “फाटकापतुर जाऊन आलो रं. तुझी यादी नवव्या ओळीवर थांबते. माझा फोन जुना झालाय का?”

“बघतो,” म्हणून वासिफने पान उघडलं आणि बोट माउसच्या चाकावर ठेवून खाली गेला. पहिली ओळ, पाचवी, नववी. नवव्या ओळीत कुणा हाजराबीचं नाव होतं, खुणेचा रकाना रिकामा, कारण वरच्या बटणाचाही एक रकाना मोजला गेला होता, आणि त्याच्याखाली पांढरं पान. त्याला काय झालं ते कळायला क्षणही लागला नाही. हेच दुखणं त्याने दहा वर्षांपूर्वी पाहिलं होतं. तेव्हा बाजूच्या स्टुलावर चाचा होते. आता त्या स्टुलावर कैस बसला होता आणि त्याच्याकडे बघत होता.

“नेट स्लो हाय,” वासिफ म्हणाला. “तू घरी जा, दोन तास पड. असरनंतर जाऊ.”

“अम्मीला भेटल्याबिगर जेवत न्हाय मी. तुला ठाव हाय.”

“चा तरी पी.”

“न्हाय. येतो असरला.”

कैस गेला तसं वासिफने शटर निम्मं खाली ओढलं. आधी त्याने सेटिंगचं पान उघडलं आणि हजाराचे पाच हजार केले. वरातीमागून घोडं. सेटिंग त्या क्षणी लागू झाली, काही अडलं नाही, फक्त जतन करायला मागे काही उरलं नव्हतं. मग त्याने कंपनीच्या मदतीच्या खिडकीत लिहायला घेतलं. पलीकडे विपुल नावाचा कुणी होता. भला माणूस. त्याने नाव विचारलं, डोमेन विचारलं, पाच मिनिटं थांबवलं. मग सांगितलं की बॅकअप तीस दिवसांचा असतो, त्याच्या मागचा आपोआप पुसला जातो.

वासिफने लिहिलं, “चारशे माणसं आहेत त्यात.”

पलीकडून आलं, “सर, मला वाईट वाटतं. आणखी काही मदत करू शकतो का?”

वासिफने खणातून जुना पेन ड्राइव्ह काढला. त्यात एक प्रत होती, २०१९ ची. ती उघडली, साडेपाचशेच्या वर नावं सरसर खाली आली, आणि घटकाभर त्याला वाटलं, सापडलं. मग तो वाचू लागला. काजूच्या उगवतीला तिसरी. उंडणीच्या मुळीला लागून. आंब्याच्या सावलीत, दुपारी. ती काजू चार वर्षांपूर्वी लोकांच्या चुलीत जळून गेली होती. नंबरही वादळाआधीचे, मधे पडलेल्या कबरींनी कधीच सरकलेले. आणि त्या यादीत नसीबाचाची नव्हतीच. त्या साली ती जिवंत होती, आणि ईदला वासिफसाठी सांदणांचा वेगळा डबा पाठवत होती.

चौदावी ओळ होती की सोळावी? नववी कबर, एवढं त्याला वाटत होतं. विहिरीचं नाव होतं हे नक्की. पण विहिरीपासून किती पावलं? चाचांचा आवाज त्याला आठवत होता, दम लागलेला, मधे खोकला. आकडे आठवत नव्हते. लिहून ठेवलंय म्हटल्यावर डोकं हात झटकून मोकळं होतं, आणि त्याने तर दहा वर्षं सगळ्या गावाचं डोकं असं मोकळं करून दिलं होतं. लोक आपापल्या कबरी विसरले होते, कारण वेबसाइट होती. तो खुर्चीत बसून राहिला. त्याला रडू येत नव्हतं, नुसती लाज वाटत होती, आणि ती अंगातून कुठे जात नव्हती.

त्याने तस्नीमला फोन केला आणि सगळं सांगितलं.

“खरं सांगा त्याला,” ती म्हणाली. “आज सांगितलंत तर तो रडंल. उद्या दुसऱ्याकडनं कळलं तर तुमचं तोंड बघणार न्हाय.”

“सांगतो.”

“आन सब्जाचं रोप ठेवलंय दारात. तो कबरीवर लावायला मागंल.”

असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज झाली. दोघे निघाले तेव्हा वासिफने मनाशी पक्कं ठरवलं होतं, फाटकाशी सांगायचं. फाटकाशी कैसने कबरवाल्यांना सलाम केला आणि त्याचा आवाज कापला. वासिफ मनाशी म्हणाला, बरं, चाचांच्या कबरीशी सांगू. तिथे कैस म्हणाला, “चाचा गेले तवा वाटलं, आता आपलं कसं. पण तू होतास.” वासिफ पुढे चालू लागला. मग ठरवलं, विहिरीशी. विहीर आली की बोलायचं, तिच्या पुढे एक पाऊल नाही.

गवत गुडघ्याएवढं वाळलेलं होतं. वासिफ पुढे, मागून कैस, एका हातात बाटली, एका हातात रोप. दहावी ओळ कुठे संपते आणि अकरावी कुठे लागते हे दिसत नव्हतं, तरी वासिफचे ओठ मोजत होते. विहिरीचा कठडा पंधरा-वीस पावलांवर आला. त्याने शब्द जुळवले. कैस, माझ्याकडनं चूक झाली. एवढं म्हटलं की पुढचं आपोआप येईल.

तेवढ्यात उजव्या पायात कळ गेली. गवतात बाभळीचा काटा होता, रबरी चप्पल फोडून तळव्यात शिरलेला. वासिफ थांबला. वाकला आणि चप्पल काढली.

मागे धप्प असा आवाज झाला.

त्याने वळून पाहिलं. कैस गुडघ्यांवर बसला होता. वासिफच्या पायाशी एक कलंडलेला चिरा होता, शेवाळलेला. इथल्या पन्नास चिऱ्यांसारखाच एक. कैसने तो दोन्ही हातांनी धरला होता आणि कपाळ त्याला टेकवलं होतं. “अम्मी,” तो म्हणत होता. “अम्मी, मी आलो. लई उशीर झाला अम्मी.”

वासिफ एका पायावर उभा होता, हातात चप्पल. तोंड उघडलं की झालं असतं. ही नव्हे कैस, काटा लागला मला. एवढेच शब्द. साडेतीन वर्षांचं रडं त्या माणसाच्या पाठीतून बाहेर पडत होतं आणि पाठ गदगदा हलत होती. त्याला उठवून सांगायचं, की हे सगळं तू भलत्याच कबरीपाशी रडलास? आणि खरी कुठे, ते मलाही माहीत नाही? वासिफने दुसरी चप्पलही काढली. काटा तसाच तळव्यात होता. त्याच पायावर तो उभा राहिला आणि फातिहाची दुआ पढायला हात उचलले.

कैसने माती सारखी केली, चिरा सरळ बसवला, सब्जाचं रोप लावलं आणि जमजमचं सगळं पाणी त्यावर ओतलं. दोह्याला बहिणीला, आतिफाला, व्हिडिओ कॉल लावला. “ही बघ,” तो हसत-रडत म्हणाला. “भेटली अम्मी. वासिफनं सरळ आणून उभं केलं. मला विचारायची पण गरज पडली न्हाय.” आतिफा पलीकडे पडद्याला हात लावत होती. “वासिफभाई,” ती म्हणाली, “अल्ला तुमच्या अब्बांची कबर रोशन करो.”

वासिफचे अब्बा अठराव्या ओळीत होते. म्हणजे यादीत तसं होतं. वादळानंतर दर ईदला तो यादी बघूनच त्यांच्याकडे जात असे. आता तो या विहिरीच्या अलीकडे उभा होता आणि अब्बा डावीकडे की उजवीकडे, हे त्यालाही सांगता येणार नव्हतं. कैसने फोन ठेवला तेव्हा त्याला वासिफ रडताना दिसला. आपल्यासाठी रडतोय असं समजून त्याने त्याला मिठी मारली.

परत येताना कैस दुकानात शिरला. सकाळपासूनचा उपाशी, पण चेहरा हलका झाला होता. समोरच्या टपरीवरून त्याने चहा आणि दोन पाव मागवले आणि पाव बुडवून खाऊ लागला.

“ते नवव्या ओळीच्या खालचं दिसत का न्हाय पण?”

“सर्व्हरवर गडबड हाय. सेटिंग बदलली मी.”

“मग अम्मीचं आताच बघ. आन फोटो पण टाक. आतिफा मागते.”

वासिफने पान उघडलं. तळाला गेला, हाजराबीच्या खाली. तिथे त्याने नवी नोंद उघडली. कैस पावाचा तुकडा हातात धरून खांद्यावरून बघत होता. वासिफची बोटं थांबली. अजूनही सांगता आलं असतं. त्याने ओळ लिहिली, चौदा. नंबर लिहिला, नऊ. नाव लिहिलं, नसीबा. खुणेच्या रकान्यात लिहिलं, विहिरीच्या अलीकडे वीस पावलं, सब्जाचं रोप. त्या चिऱ्याखाली दुसऱ्या कुणाचं तरी कुणीतरी होतं. त्यांचा मुलगाही कधीतरी, कुठून तरी, बॅग टाकून तोंड धुऊन येणार होता.

“परत आलो तर सापडंल ना रं?” कैसने विचारलं. “आता दोन वर्षं न्हाय जमायचं.”

“सापडंल,” वासिफ म्हणाला. “मी हाय ना.”

त्याने खालचं बटण दाबलं. जुनी पाटी पुसली गेली, नवी लिहिली गेली. हिरवी अक्षरं आली. वासिफने पुन्हा तळापर्यंत जाऊन पाहिलं. मर्यादा आता पाच हजार होती, त्यामुळे त्यातला एकही रकाना गळाला नव्हता.